व्हॅनचा जुना गिअरबॉक्स घेताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची मुलं नेणारे, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूरच्या भाड्यावर असणारे, मार्केट यार्डातून पहाटे भाजी उचलणारे, सगळ्यांचं विचारणं एकच: "बॉक्स गेलाय, जुना कुठला बसेल?" बहुतेक उत्तरं ओम्नी आणि ईकोची आहेत, कारण आपल्याकडं विचारणाऱ्यांत त्याच जास्त. टाटा आणि फोर्सवाल्यांनी प्रश्न 15 आधी वाचला तरी चालेल.

1. बॉक्सच गेलाय हे नक्की कसं ओळखायचं? मिस्त्री म्हणतो, उतरवल्याशिवाय काही सांगता येत नाही.

उतरवण्याआधी बरंच कळतं. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लचवरचा पाय काढलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर बॉक्सच्या आतलं बेअरिंग गेलंय. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा). बॉक्सला हात लावायचं कारण नाही.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर एकही पडत नाही, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबल आणि प्लेट बघा. चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी वेगाबरोबर गुणगुण चालूच राहत असेल तर मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरवणारी गिअरची पेटी), चाकाचं बेअरिंग किंवा प्रोपेलर शाफ्टचा (बॉक्सपासून मागं जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस तपासा.

अजून एक खूण. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक व्हॅनमध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनाचे फेरे जसेच्या तसे मागं जातात आणि खालच्या ले-शाफ्टवर (बाकीचे गिअर फिरवणाऱ्या दुसऱ्या दांड्यावर) भार येत नाही. पहिल्या तीन गिअरांत रडणारी गाडी चौथ्यात शांत होत असेल तर ले-शाफ्टचं बेअरिंग समजा. एखादाच गिअर भाराखाली सटकत असेल तर त्या गिअरचे दात, सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी रिंग) नाहीतर फोर्क (गिअर सरकवणारा काटा). पण त्याआधी लिव्हरपासून बॉक्सपर्यंतची दांडी किंवा केबल आणि तिचे बुश हलवून बघा. व्हॅनमध्ये हे अंतर लांब असतं आणि बुश झिजले की "गिअर सापडत नाही" अशी तक्रार येते. दोन बुशांच्या कामासाठी अख्खा बॉक्स बदललेल्या गाड्या आहेत.

2. आहे तो बॉक्स खोलून दुरुस्त करावा की जुना दुसरा टाकावा?

एक-दोन बेअरिंग आणि एखादी सिंक्रो रिंग एवढंच असेल तर आपलाच बॉक्स दुरुस्त करा. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, बाजारातल्या बॉक्सचा नाही. केसिंगला तडा गेलाय, ले-शाफ्टचे दात उडालेत, किंवा बेअरिंग फिरून केसिंगमधली त्याची जागाच सैल झालीय, तर मात्र जुना बॉक्स शोधणं शहाणपणाचं. मधल्या परिस्थितीत मजुरीचा हिशेब करा: बॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोन्हीकडं लागणारच, फरक फक्त आतल्या सुट्या मालाचा आणि खोलणाऱ्याच्या हाताचा. बॉक्स खोलणारे बरेच, नीट बसवणारे मोजके.

3. मारुती 800 आणि ओम्नीचं इंजिन एकच आहे ना? मग 800 चा बॉक्स का बसत नाही? तो तर स्वस्तात मिळतोय.

दोन्हीकडं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, हे खरं. पण 800 मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. तिच्या बॉक्समध्येच डिफरन्शियल असतो आणि दोन बाजूंनी दोन ॲक्सल निघतात. ओम्नीत तेच इंजिन पुढच्या सीटांखाली उभं बसतं, बॉक्सच्या शेपटातून प्रोपेलर शाफ्ट मागं जातो. त्यामुळे 800 चा बॉक्स ओम्नीत घालायची वाटच नाही, फुकट मिळाला तरी. "इंजिन एक, म्हणून बॉक्स एक" हे वाक्य दुकानात कानावर पडलं की सावध व्हा.

4. "बसतो" म्हणजे नेमकं काय काय जुळायला पाहिजे?

या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. गाडीचं नाव जुळून भागत नाही, बॉक्स गाडीला जिथं जिथं जोडला जातो ती प्रत्येक जागा जुळावी लागते.

सुरुवात बेल हाउसिंगपासून, म्हणजे बॉक्सच्या इंजिनाला टेकणाऱ्या रुंद तोंडापासून. इंजिनाला बसणारे बोल्ट, त्यांची भोकं, डॉवेल पिनांच्या (बॉक्स सरळ बसवणाऱ्या पिनांच्या) जागा आणि स्टार्टरचा खळगा. जुना बॉक्स उतरलेला असेल तर एका मोठ्या पुठ्ठ्यावर त्याचं तोंड ठेवून भोकं पेन्सिलनं आखून घ्या आणि तो पुठ्ठा दुकानात न्या. फोटोत दोन बॉक्स जुळे भाऊ दिसतात, पुठ्ठा ठेवला की एक भोक बोटभर बाजूला निघतं.

मग इनपुट शाफ्ट. त्यावरचे खाचे मोजायचे, जाडी व्हर्निअरनं घ्यायची, आणि लांबीही. सोपा मार्ग म्हणजे आपली जुनी क्लच प्लेट पिशवीत टाकून न्यायची. प्लेट शाफ्टवर सहज सरकली, अडकली नाही आणि लटपटलीही नाही, तर निम्मं काम झालं. शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या मागच्या छोट्या बेअरिंगमध्ये बसतं. ते जाड निघालं तर बॉक्स इंजिनाला टेकणारच नाही, बारीक निघालं तर टेकेल पण काही दिवसांत आवाज सुरू करेल.

मागच्या बाजूला शेपटाची एकूण लांबी आणि आतले खाचे. प्रोपेलर शाफ्टचा योक (त्याचं पुढचं टोक) त्यात आत-बाहेर सरकतो. शेपूट लांब असेल तर योक आत आपटतो, आखूड असेल तर खड्ड्यात गाडी उसळली की बाहेर यायला बघतो. लेथवर प्रोपेलर शाफ्ट कमी-जास्त करून देणारे भेटतात, पण त्यानंतर बॅलन्सिंग नीट झालं नाही तर गाडी वेगात थरथरते. माझ्या मते त्या वाटेला जाऊच नये.

राहिल्या चार गोष्टी: बॉक्सच्या माउंटिंगची जागा, गिअर लिंकेजचे (लिव्हरपासून येणाऱ्या दांडी-केबलचे) हात कुठल्या बाजूला आणि किती, क्लच केबलवर की हायड्रॉलिकवर, आणि स्पीडोमीटरला केबल की सेन्सर. शेवटच्या गोष्टीबद्दल प्रश्न 13 पाहा.

5. माझ्या गाडीत कुठला बॉक्स आहे हे कसं शोधायचं? बॉक्सवर एक नंबर दिसतोय, तोच का?

केसिंगवर उठून दिसणारा नंबर बहुतेक वेळा ओतकामाचा असतो. तोच साचा वेगवेगळ्या दातांच्या बॉक्सांना वापरलेला असू शकतो, म्हणून तो नंबर जुळला एवढ्यावर पैसे देऊ नका. खात्रीचा धागा म्हणजे चेसिस नंबर. आरसीवरून चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि निर्मितीचा महिना-वर्ष लिहून घ्या (नोंदणीची तारीख वेगळी, तिचा इथं उपयोग नाही) आणि कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवर त्यावरून गिअरबॉक्सचा पार्ट नंबर काढून मागा. नवा घ्यायचा नसला तरी विचारायला हरकत नसते.

चेसिस नंबरची पहिली तीन अक्षरं कंपनी सांगतात: एमए3 मारुती, एमएटी टाटा, एमए1 महिंद्रा, एमसी1 फोर्स. जुनी गाडी हातोहात आली असेल तर आधीच्या मालकानं बॉक्स बदललेला असण्याचीही शक्यता आहे. म्हणून कागद बघून झाले तरी खाली वाकून प्रत्यक्ष बॉक्स बघाच.

6. ईकोत व्हर्साचा किंवा ओम्नीचा बॉक्स चालतो का? आणि नव्या ईकोचा जुन्या ईकोत?

ओम्नीचा नाही. 796 सीसीसाठी केलेला बॉक्स 1196 सीसीच्या इंजिनामागं लावायचा विचार सोडून द्या, जुगाड करून बसवला तरी भरल्या गाडीत टिकणार नाही.

व्हर्सा 2001 मध्ये आली, तिचं इंजिन 1298 सीसीचं. ईको 2010 मध्ये तिच्याच अंगावर 1196 सीसीचं इंजिन घेऊन आली, त्यामुळे बाजारात "व्हर्सा-ईको एकच" असं सर्रास म्हणतात. घराणं एक आहे, पण दात आणि लिंकेज सारखेच असतील असं धरून चालू नका. प्रश्न 4 मधली सगळी मापं लावून बघा.

नोव्हेंबर 2022 मध्ये ईकोला वेगळ्या मालिकेचं 1197 सीसीचं इंजिन आलं. आकडा एकाच सीसीनं बदललाय, इंजिन मात्र वेगळंच आहे. त्यामुळे "ईकोचा बॉक्स" अशी मोघम मागणी करू नका, 2022 च्या आधीची की नंतरची हे पहिल्या वाक्यात सांगा. सीएनजी की पेट्रोल हे दुकानदार विचारतो, पण तो दुय्यम मुद्दा आहे. इंजिन कुठलं, हे आधी.

7. ओम्नीला चारच गिअर आहेत. पाच गिअरचा बॉक्स टाकला तर ॲव्हरेज वाढेल का?

हायवेवर इंजिन थोडं शांत चालेल, एवढंच. त्यासाठी बेल हाउसिंग, माउंटिंग, लिंकेज, प्रोपेलर शाफ्ट सगळ्याला हात घालावा लागतो. जुना पुणे नाका ते सात रस्ता अशा शहरातल्या फेऱ्यांत पाचवा गिअर पडणार कधी? हौसेची गाडी असेल तर करा, पोटाची गाडी असेल तर राहू द्या.

8. सोलापुरात शोधावं की पुणे-मुंबईला जावं?

आधी इथंच. ओम्नी 2019 मध्ये बंद झाली, तोपर्यंत साडेतीन दशकं विकली जात होती, त्यामुळे कटिंगच्या (मोडीत काढलेल्या) गाड्या अजून निघतात. भंगारवाल्यांना विचाराच, पण त्याहून आधी व्हॅनचं काम करणाऱ्या दोन-तीन गॅरेजांत शब्द टाकून ठेवा. एखाद्या गाडीचं इंजिन गेलं आणि मालकानं ती काढली तर त्यांना सगळ्यात आधी कळतं, आणि त्या गाडीचा बॉक्स कसा चालत होता हेही त्यांना माहीत असतं. बारामाही शाळेच्या फेऱ्या मारलेली गाडी आणि फक्त सणासुदीला बाहेर निघालेली घरची गाडी यांच्या बॉक्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नाही मिळाला तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे. नुसतं "बघून येतो" म्हणून निघालात तर जाण्यायेण्याचा खर्च बॉक्सच्या भावात धरा. त्याआधी दुकानदाराकडून चार फोटो मागवा: बेल हाउसिंग समोरून, इनपुट शाफ्ट शेजारी स्केल धरून, डावी बाजू, शेपूट. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडं जाऊ नका. ट्रान्सपोर्टनं मागवणार असाल तर तेल काढून, शेपटाचं तोंड बंद करून, फळीवर बांधून पाठवायला सांगा. बेल हाउसिंगचा कान वाटेत तुटला तर भांडायला जागा राहत नाही.

9. दुकानात बॉक्स समोर ठेवलाय. काय काय बघू?

रंगावर जाऊ नका. ताज्या सिल्व्हर रंगाखाली काय आहे हे कळत नाही, तेलकट-धुळकट बॉक्स बरा.

इनपुट शाफ्ट हातानं फिरवा. वाळू अडकल्यासारखा खरखर लागला तर बेअरिंग गेलंय. टोक किंचित वर-खाली हलतं, त्याला घाबरू नका, कारण गाडीत त्या टोकाला क्रँकचा आधार असतो. पुढे-मागे हालचाल मात्र नको. मग एकेक गिअर टाकून शाफ्ट फिरवा. प्रत्येक गिअर टक्कन बसला पाहिजे आणि मागचं टोक फिरलं पाहिजे, रिव्हर्सला उलटं. खडूनं दोन्ही टोकांना खूण करून फेरे मोजा: पहिल्या गिअरमध्ये मागचा एक फेरा व्हायला पुढचे किती लागतात, ते आपल्या जुन्या बॉक्सवरही मोजून ठेवलेलं असलं की दात जुळतात का ते तिथल्या तिथं कळतं. दोन मिनिटांचं काम, पण करणारे फार थोडे.

ड्रेन बोल्ट उघडायला सांगा. त्याच्या चुंबकावर करडा मऊ थर असेल तर तो वयाचा आहे, चालतं. बोटाला टोचणारे तुकडे नकोत. तेलात पिवळी चकाकी म्हणजे पितळी सिंक्रो रिंगा झिजल्या आहेत. दुधाळ तेल दिसलं म्हणजे आत पाणी शिरलंय, प्रश्न 10 पाहा.

शेवटी केसिंग. बोल्टांचे कान, ड्रेन बोल्टचे आटे, आणि वेल्डिंग. ॲल्युमिनियमला वेल्डिंग केलेलं असेल तर तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का बघा. जोडावर ताजं सिलिकॉन दिसलं म्हणजे बॉक्स खोललेला आहे. तो दोष नव्हे, पण का खोलला आणि काय बदललं हे विचाराच.

10. पुरात बुडालेल्या गाडीचा बॉक्स स्वस्तात मिळतोय. घ्यावा का?

2019 आणि 2021 ला सांगली-कोल्हापुरात, आणि सप्टेंबर 2025 ला आपल्याच सीना काठी पाणी आलं. अशा गाड्यांचा माल पुढं बराच काळ बाजारात फिरत राहतो. बॉक्सला वर श्वास घ्यायला छोटी नळी असते; गाडी बुडाली की तिथून पाणी आत जातं. आठवड्याभरात तेल बदललं असेल तर बॉक्स वाचू शकतो. महिनोन् महिने तसाच पडला असेल तर बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात, आणि ते तेलानं जात नाहीत. बेल हाउसिंगच्या कोपऱ्यात सुकलेला गाळ आहे का ते बोट घालून बघा. खोलून दाखवायला तयार असेल तर घ्या, नाहीतर नको.

11. बॉक्स बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते का? आणि चोरीचा निघाला तर?

नोंद लागत नाही. आरसीवर इंजिन आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन बदलणार असाल तर वेगळं. तिथं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरटीओची मंजुरी लागते, मग गाडी एमएच-13 ची असो की अकलूजची एमएच-45.

चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. त्यामुळे बिल घ्या, आणि बिलावर बॉक्स ज्या गाडीतून निघाला तिचा चेसिस नंबर लिहून मागा. 2021 च्या नियमांखालच्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून आलेला माल असेल तर त्याचा कागद विचारा. "बिलाशिवाय घ्या, हजार कमी करतो" म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार करा.

12. जुन्या बॉक्सला वॉरंटी मिळते का? आणि सोबत काय काय बदलून घेऊ?

तोंडी "चालवून बघा, नाही पटला तर आणा" एवढंच मिळतं. ते बिलावर लिहून घ्या: किती दिवस, पैसे परत की फक्त बदली, आणि बदली झाल्यास दुसऱ्यांदा उतरवण्याची मजुरी कोणाची. भांडणं बॉक्सपेक्षा या मजुरीवरूनच जास्त होतात. दुकानदार खडूनं किंवा पंचनं खूण करतो ती पुसू नका.

बॉक्स खाली आहेच, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, इनपुट शाफ्टचं आणि शेपटाचं ऑइल सील, इंजिनाचं मागचं सील आणि माउंटिंग रबर बघून घ्या. सील काही फार महागडी नसतात, ती विचारत बसू नका, बदलाच. क्लच सेट निम्म्याहून जास्त झिजला असेल तर तोही. सप्टेंबर 2025 पासून नव्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे, बिल त्या दरानं आहे ना ते पाहा.

तेल जीएल-4 दर्जाचं घाला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीचं. जीएल-5 "अजून भारी" म्हणून घालतात, पण त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधतात. ते डिफरन्शियलसाठी आहे.

13. बॉक्स बसवला, गाडी छान चालते, पण स्पीडोमीटर बंद. किंवा काटा भलतंच दाखवतो.

केबलवाल्या गाडीत बॉक्सच्या शेपटात प्लॅस्टिकचं छोटं दातांचं चाक असतं. आधी तुमच्या जुन्या बॉक्समधलं काढून नव्यात घाला. तरीही काटा चुकत असेल तर आतला वर्म (त्या चाकाला फिरवणारा गिअर) वेगळा आहे. सेन्सरवाल्या गाडीत प्लग बसतो पण पल्स जुळत नाहीत, असंही होतं.

पॅसेंजर परवान्याच्या गाडीला हा नुसता काट्याचा प्रश्न नाही. स्पीड गव्हर्नर वेगाचा सिग्नल इथूनच घेत असेल तर तोही चुकेल, आणि पासिंगला गाडी अडकेल. म्हणून फिटनेसची तारीख तोंडावर असताना बॉक्स बदलू नका, आठ-दहा दिवस हातात ठेवा.

14. बसवताना मिस्त्रीकडून काय चुकू शकतं?

बेल हाउसिंग इंजिनाला पूर्ण टेकत नाही म्हणून बोल्ट आवळून ओढणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. क्लच प्लेट मध्यावर नसते म्हणून बॉक्स अडकतो. आवळला की कान तुटतो किंवा प्लेटचा हब वाकतो. डॉवेल पिना जुन्या बॉक्समध्येच राहून गेल्या नाहीत ना, तेही बघा. त्या नसतील तर बॉक्स केसभर वाकडा बसतो आणि इनपुट बेअरिंग लवकर जातं. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करून घ्यायला सांगा. आणि गाडी सोडण्याआधी तेल भरलं का, हे स्वतः लेव्हल बोल्ट उघडून पाहा. मे महिन्यात 43 अंशांत कोरडा बॉक्स मोहोळपर्यंतही पोचत नाही.

15. माझी विंगर / मॅजिक / ट्रॅव्हलर आहे. हेच नियम का?

मापं घ्यायची पद्धत तीच, बॉक्स वेगळे. 2007 ची विंगर दिसायला मोठी असली तरी पुढच्या चाकांवर चालते. तिच्या बॉक्समध्येच डिफरन्शियल आहे, म्हणून आतलं शेवटचं गुणोत्तरही जुळावं लागतं. टाटा एस 2005 ची आणि मॅजिक त्याच पायावरची. पहिल्या दोन सिलिंडरच्या 702 सीसी इंजिनानंतर त्या घराण्यात इतके उपप्रकार आले की नुसतं "छोटा हत्तीचा बॉक्स" म्हणून मागू नका, प्रश्न 5 प्रमाणं चेसिस नंबरवरून जा. ट्रॅव्हलरचं इंजिन कुठलं आहे ते आधी ठरवा, बॉक्स त्याच्यामागोमाग ठरतो.

16. दोन बिघडलेल्या बॉक्सांचा मिळून एक चांगला करता येतो का?

येतो, दोन्ही एकाच पार्ट नंबरचे असतील तर. गिअर जोडीनंच हलवायचे, एका बॉक्सचा मुख्य शाफ्टवरचा गिअर आणि दुसऱ्याचा ले-शाफ्ट असं मिसळलं तर झिजलेले दात एकमेकांशी जमत नाहीत आणि बॉक्स रडतो. सिंक्रो रिंगा, फोर्क, केसिंग, शेपूट हे मात्र खुशाल घ्या. याच कारणासाठी तुमचा जुना बॉक्स दुकानदाराला बदलीत लगेच देऊन टाकू नका. नवा घेतलेला महिनाभर भरल्या गाडीत चालू द्या, मग भंगारचा भाव करा.